भागीदार बदलला म्हणजे परवाना विकला का?

कापडाच्या किंवा किराण्याच्या पेढीत एक भागीदार निवृत्त झाला आणि दुसरा आला, तर नवा करारनामा होतो, भागीदारी संस्थांच्या निबंधकाला कळविले जाते, बँकेत सह्यांचे नमुने बदलतात आणि दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळी उघडते. पेढी मद्यविक्रीची असेल, तर याच बदलाला वेगळे नाव मिळते. सरकारच्या दृष्टीने तो परवान्याच्या हस्तांतरणाचा प्रश्न होतो. त्यासाठी पूर्वपरवानगी लागते, चौकशी होते आणि हस्तांतरण शुल्क भरावे लागते. ते शुल्क किती असावे, कोणत्या बदलाला लागावे आणि कोणत्या बदलाला लागू नये, याविषयी देशात एकवाक्यता नाही. मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने ती असण्याची अपेक्षाही नाही. मात्र जेथे हे शुल्क जड आहे तेथे त्याचा परिणाम नियमाच्या मूळ हेतूच्या नेमका उलट होतो. त्याकडे राज्यांच्या अर्थखात्यांनी आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन भाऊ समान भागीदारीत बार व रेस्टॉरंट चालवितात. परवान्याचे वार्षिक शुल्क दहा लाख रुपये आहे आणि हस्तांतरण शुल्क त्याच्या दुप्पट आहे. धाकट्या भावाची प्रकृती बिघडते. तो आपल्या हिश्शापैकी दहावा भाग व्यवस्थापकाला देऊन त्याला भागीदार करू इच्छितो. म्हणजे एकूण व्यवसायाचा अवघा पाच टक्के भाग हस्तांतरित होणार आहे. नियम सरसकट असेल, तर या पाच टक्क्यांसाठी वीस लाख रुपये भरावे लागतील. संपूर्ण बार परक्या माणसाला विकला असता, तरी आकारणी वीस लाखांचीच झाली असती. अशा वेळी दोघे भाऊ काय करतील, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राचा अभ्यास लागत नाही. व्यवस्थापकाशी शंभर रुपयांच्या मुद्रांक कागदावर खासगी करार होईल, तो कागद कपाटात राहील आणि सरकारदरबारी काहीच बदललेले नसेल.

या आकारणीला न्यायालयात आव्हान देऊन फारसे काही हाती लागत नाही, हे आधीच स्पष्ट करायला हवे. अजमेर येथील कुवरजी भरुचा यांच्या १९५४ च्या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका सातत्याने एकाच दिशेने गेली आहे. हर शंकर प्रकरणात १९७५ मध्ये घटनापीठाने असा निर्वाळा दिला, की मद्यविक्रीचा अधिकार मुळात राज्याचा आहे, राज्य तो विशेषाधिकार मोबदला घेऊन इतरांना देते आणि परवाना शुल्क हे त्या अधिकाराचे मूल्य आहे. ते रूढ अर्थाने कर नाही, तसेच सेवेच्या बदल्यात घेतलेली फीही नाही. खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ मध्ये मद्याच्या व्यापाराचा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, हे पुन्हा सांगितले गेले. (यांपैकी पहिला निकाल न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी लिहिला आणि दुसरा न्या. पी. बी. सावंत यांनी, मद्यविषयक घटनाकायद्याची ही चौकट घडविण्यात दोन मराठी न्यायमूर्तींचा असा मोठा वाटा आहे.) ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक मद्यार्कही राज्यांच्या अधिकारकक्षेत आणला, तेव्हा राज्यांचे हात आणखी बळकट झाले. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराबाहेर आहे. शिवाय ३० सप्टेंबर २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार राज्याने शुल्क घेऊन मद्य परवाना देणे, मग त्या शुल्काला कोणतेही नाव असो, हा ना वस्तूचा पुरवठा मानला जातो, ना सेवेचा.

तेव्हा ‘वीस लाखांच्या बदल्यात सरकार आम्हाला कोणती सेवा देते?’ हा परवानाधारकांचा आवडता युक्तिवाद टिकत नाही. आपल्या मालकीचा विशेषाधिकार राज्य हवी ती किंमत लावून विकू शकते. प्रश्न अधिकाराचा नाही, शहाणपणाचा आहे.

आता अबकारी खात्याची बाजू पाहू. ती वाटते तितकी अरेरावीची नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याने पेढीला स्वतंत्र व्यक्तित्व दिलेले नाही. ‘पेढी’ हे भागीदारांच्या समूहाचे नाव आहे, इतकेच. अ, ब आणि क यांच्या नावे दिलेला परवाना हा त्या तीन व्यक्तींना दिलेला असतो. त्यांची पार्श्वभूमी तपासून, त्यांच्यावर गुन्हे नाहीत याची खात्री करून तो दिला जातो. उद्या त्यांच्या जागी ड, ई आणि फ आले आणि पाटीवरचे नाव तेच राहिले, तर राज्याने ज्यांना पारखले ते कुठेच नाहीत आणि ज्यांना कधी पाहिलेही नाही ते गल्ल्यावर बसले आहेत, अशी स्थिती होते. विषारी दारूचे प्रकरण घडले किंवा अल्पवयीनांना विक्री झाली, तर जबाबदार कोण, हे कागदावरून कळले पाहिजे. परवाना व्यक्तिगत असतो, तो बाजारातील वस्तूप्रमाणे हातोहात फिरू नये, हे तत्त्व या दृष्टीने योग्यच आहे.

शुल्काचे दुसरे कारण अधिक व्यवहारी आहे. परवाना सरळ विकला तर हस्तांतरण शुल्क लागते. मग तो भागीदारीच्या मार्गाने विकावा, ही युक्ती जुनी आहे. पहिल्या वर्षी खरेदीदाराला एक टक्क्याचा भागीदार म्हणून घ्यायचे, दुसऱ्या वर्षी त्याचा वाटा निम्म्यावर न्यायचा आणि तिसऱ्या वर्षी मूळ मालकाने ‘निवृत्त’ व्हायचे. प्रत्यक्षात झालेली विक्री कागदोपत्री कुटुंबातील समजुतीची फेररचना दिसते. कर्नाटकाच्या अबकारी नियमांत परवाना दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी वार्षिक शुल्काच्या दुप्पट हस्तांतरण शुल्क आहे. एवढी रक्कम वाचवण्यासाठी तीन वर्षे थांबणारे लोक निघणारच. भागीदारीची फेररचना म्हणजे हस्तांतरण की नाही, हा वाद विविध उच्च न्यायालयांपुढे पुनःपुन्हा जातो, त्याचे मूळ येथे आहे. ही पळवाट बुजविण्यासाठी सर्वच बदलांना हस्तांतरण मानण्याकडे खात्याचा कल असतो. कल समजण्यासारखा आहे, पण त्यात विकणारा आणि न विकणारा दोघेही एकाच मापाने मोजले जातात.

मुळात परवान्याला एवढी किंमत का येते, याचा विचार केल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. तमिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. तेथे दुकानाच्या परवान्याचे हस्तांतरण हा विषयच उद्भवत नाही. दिल्लीतही खासगी दुकानांचा प्रयोग गुंडाळल्यानंतर सप्टेंबर २०२२ पासून विक्री सरकारी संस्थांकडे गेली. तेलंगणात २,६२० दुकाने दोन वर्षांच्या मुदतीने सोडतीवर दिली जातात. २०२३ च्या सोडतीसाठी प्रत्येकी दोन लाख रुपयांच्या ना-परतावा शुल्कासह सव्वा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे एक बाटलीही विकली जाण्याआधी सरकारच्या तिजोरीत अडीच हजार कोटींहून अधिक रक्कम जमा झाली. उत्तर प्रदेशानेही २०२५-२६ साठी ई-लॉटरीचा मार्ग धरला. ज्या परवान्याचे आयुष्य एक-दोन वर्षांचे, त्यात भागीदार बदलण्यासाठी कोणी भांडत बसत नाही.

खरा पेच आहे तो परवाने वर्षानुवर्षे नूतनीकरणाने चालत राहतात आणि नवे परवाने मिळत नाहीत अशा राज्यांत. महाराष्ट्रात किरकोळ मद्यविक्रीच्या दुकानांचे, म्हणजे बोलीभाषेतील वाइन शॉपचे, नवे परवाने देणे सत्तरच्या दशकात थांबले. कर्नाटकातही दुकाने आणि बार यांचे नेहमीचे नवे परवाने दीर्घकाळ बंद राहिले. मधल्या काळात शहरांची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली, पण दुकानांची संख्या जवळपास तेवढीच राहिली. त्यामुळे एका कागदाला अफाट मोल आले. हे मोल परवानाधारकाच्या कष्टातून आलेले नाही, ते सरकारने निर्माण केलेल्या टंचाईतून आले आहे. म्हणूनच हस्तांतरणाच्या वेळी त्यातला काही भाग राज्याने परत मागावा, यात अन्याय नाही. जमिनीच्या वाढीव किमतीवर समाजाचा हक्क असतो असे आपण म्हणतो, तोच न्याय येथे लागू होतो. मद्यविक्रेत्यांच्या संघटनांना हे मान्य होणार नाही, पण त्यांनीही आपल्या परवान्याचा बाजारभाव आणि प्रत्यक्ष धंद्यातील गुंतवणूक यांतला फरक एकदा कागदावर मांडून पाहावा.

म्हणून शुल्क असावे की नसावे, हा प्रश्न येथे नाही. ते कशावर असावे, हा आहे. आजची व्यवस्था दोन वेगळ्या गोष्टी एका पावतीत मिसळते. पहिली, माहिती: या परवान्यामागे आता कोण आहे? दुसरी, किंमत: परवान्याचे मोल एका हातातून दुसऱ्या हातात किती गेले? माहिती देणाऱ्याला किंमत भरावी लागत असेल, तर माहिती दिली जाणार नाही. आणि नियमनाच्या दृष्टीने राज्याला पैशापेक्षा अधिक गरज माहितीची आहे.

माहिती दडविल्याचे परिणाम कोणाला भोगावे लागतात, तेही पाहिले पाहिजे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९५० च्या सुमारास वेलू पडयाची प्रकरणात ठरविले, की अबकारी कायद्याचा भंग करून परवानाधारकाशी केलेली भागीदारी बेकायदा होय. नव्वदच्या दशकात बिहारीलाल जैस्वाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील परवान्याविषयी तेच सूत्र लावले. परवान्याच्या अटींनुसार परवानगीशिवाय भागीदारी करता येत नव्हती, म्हणून ती भागीदारी प्राप्तिकरासाठी नोंदणीस पात्र नाही, असा निष्कर्ष निघाला. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत आहे. परंतु त्याचा अर्थ असा, की कपाटातील कागदावर पैसे गुंतवणाऱ्या माणसाला न्यायालयाचे दार बंद असते. तो हिशेब मागू शकत नाही, नफ्याचा वाटा वसूल करू शकत नाही. परवान्यावर ज्याचे नाव आहे त्याने उद्या हात वर केले, तर गुंतवणूक गेली. मग अशा व्यवहारांतील तंटे कोण सोडवतो? ज्यांना दिवाणी न्यायालयाची गरज भासत नाही, असे लोक. मद्यधंद्यात गुंडगिरी का शिरते, याची जी अनेक उत्तरे आहेत, त्यांतले एक नियमपुस्तकातच सापडते.

उलट बाजूनेही इजा होतेच. ज्याचे नाव परवान्यावर आहे तो म्हातारा गावी बसून दरमहा ठरावीक रक्कम घेतो, दुकान दुसराच मुखत्यारपत्रावर आणि नोकरनाम्यावर चालवितो. छापा पडला, भेसळ सापडली, की गुन्हा दाखल होतो तो प्रथम या म्हाताऱ्यावर. चालविणारा नव्या नावाच्या शोधात निघतो. परवानाधारकाची पारख करण्याची सगळी पद्धत अशा रीतीने निरर्थक होते, आणि ती जपण्यासाठी घेतलेले शुल्कच त्याला कारणीभूत ठरते.

मृत्यूच्या प्रसंगी हा गुंता अधिक निष्ठुर होतो. करारात वेगळी तरतूद नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. भागीदार दोनच असतील, तर करारातील तरतूदही उपयोगी पडत नाही, कारण एकट्या माणसाची भागीदारी असू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात हे स्पष्ट केले. म्हणजे आपल्या उदाहरणातील धाकटा भाऊ वारला, तर त्याच्या पत्नीचा प्रवेश हा कायद्याने नव्या भागीदारीत होतो. वारसांसाठी काही राज्ये सवलत देतात. पण सवलत बहुधा परवाना एकट्याच्या नावे असल्याचे गृहीत धरून लिहिलेली असते आणि भागीदाराच्या वारसाचे काय, हा मुद्दा संदिग्ध राहतो. मोठ्या दिराच्या सद्भावनेवर आणि अधीक्षकाच्या अर्थ लावण्यावर त्या बाईचा हक्क टांगता राहावा, याचे समर्थन महसुलाच्या कोणत्याही गणिताने होत नाही. येथे कोणी काही विकलेले नाही. त्यामुळे किंमत घेण्याचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक विसंगती आहे. परवाना कंपनीच्या नावे असेल, तर तिचे समभाग विकले जाऊनही परवानाधारक ‘बदलत’ नाही, कारण कंपनी ही स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती आहे. २००८ च्या कायद्याखाली मर्यादित दायित्व भागीदारीलाही असे व्यक्तित्व आणि अखंड अस्तित्व मिळाले. त्यामुळे ज्याला चांगला सल्लागार परवडतो तो आधी परवाना कंपनीत नेतो आणि पुढचे सगळे व्यवहार समभागांतून करतो. काही राज्यांनी संचालक किंवा समभागधारक बदलल्यावरही परवानगी व शुल्क लावून हे अंतर कमी करण्याचा प्रयत्न केला आहे. सर्वत्र तसे नाही. दोन भावांच्या पेढीला जो नियम काटेकोरपणे लागतो, तो मोठ्या हॉटेल कंपनीला चकवता येतो, हे धोरण म्हणून लाजिरवाणे आहे. कंपनी कायद्याने २०१८ च्या नियमांनुसार लक्षणीय लाभार्थी मालकाची नोंद बंधनकारक केली आहे आणि त्यासाठी सध्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. अबकारी खात्याला हेच माप सर्व प्रकारच्या परवानाधारकांना लावता येईल.

पर्याय अवघड नाही. भागीदार येणे-जाणे कळविण्यासाठी नाममात्र शुल्क असावे आणि चौकशी ठरावीक मुदतीत पुरी व्हावी. मोल किती हस्तांतरित झाले याची आकारणी वेगळी व्हावी, आणि ती हस्तांतरित हिश्शाच्या प्रमाणात असावी: पाच टक्के हिस्सा गेला, तर पूर्ण हस्तांतरण शुल्काच्या पाच टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात एक लाख रुपये. तुकड्या-तुकड्याने विकण्याची युक्ती रोखायची, तर गेल्या पाच वर्षांत बाहेरच्या व्यक्तींकडे गेलेले सर्व हिस्से एकत्र मोजावेत आणि ते निम्म्यापेक्षा जास्त झाल्यास उरलेले शुल्क एकरकमी वसूल करावे. तीन वर्षे थांबून शुल्क वाचवणारा मग काहीच वाचवू शकणार नाही. पती-पत्नी, मुले आणि मृत भागीदाराचे वारस यांना या मोजणीतून वगळावे. मुली आणि सुना यांचा उल्लेख नियमात स्पष्ट असावा, कारण ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात वेगळा लावला जातो, हा अनुभव नवा नाही.

याने महसूल बुडेल, असा आक्षेप अर्थसचिव घेतील. अनेक राज्यांच्या स्वतःच्या करउत्पन्नात मद्यावरील अबकारीचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक आहे. पण त्यातील बहुतांश रक्कम बाटलीवरील शुल्कातून येते. भागीदार बदलण्याच्या शुल्काचा हिस्सा त्यापुढे किरकोळ असतो. आणि जे व्यवहार आज दडवले जातात, त्यांतून सध्या शून्य मिळते. प्रमाणशीर आकारणीत त्यांतले काही उघड झाले, तरी तो नवा महसूल असेल. दुसरा आक्षेप नैतिक आहे. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यावर मद्यनिषेधाचे उद्दिष्ट सोपविले असताना मद्यविक्रेत्यांची सोय कशासाठी पाहायची? बिहारने एप्रिल २०१६ पासून दारूबंदी केली. ती भूमिका कोणाला पटो वा न पटो, तिच्यात निदान प्रामाणिकपणा आहे. परवाने द्यायचे, त्यांवर महसूल उभा करायचा आणि परवानाधारक कोण आहे हे मात्र कळू नये अशी व्यवस्था ठेवायची, याला मद्यनिषेधाचा आधार देता येणार नाही.

सर्वांत कठीण भाग मागील थकबाकीचा आहे. आज जे कागद कपाटांत आहेत त्यांचे काय करायचे? नवा नियम आला तरी जुने गुप्त भागीदार पुढे येणार नाहीत, कारण पुढे येणे म्हणजे परवान्याच्या अटींचा भंग कबूल करणे. त्यांना एकदाच, सहा महिन्यांची, परवाना रद्द न होण्याची हमी असलेली संधी द्यावी लागेल, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या व्यक्तींना त्यातून स्पष्टपणे वगळावे लागेल. त्यातही एक अडथळा राज्यांच्या हाताबाहेरचा आहे. २०२१ च्या वित्त कायद्याने भागीदारीच्या फेररचनेत भागीदाराला मिळालेल्या मालमत्तेवर व रकमेवर प्राप्तिकराची पकड घट्ट केली. राज्याकडे हिस्सा उघड करणारा माणूस त्याच क्षणी प्राप्तिकर खात्यालाही उत्तरदायी होतो. एक सरकार ज्याला मालमत्ता मानत नाही, त्याच परवान्याच्या मोलावर दुसरे सरकार कर मागते. राज्यांनी अशी योजना आणण्यापूर्वी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाशी बोलून अशा प्रकरणांतील आकारणीचे स्वरूप आधी जाहीर करून घ्यावे. कर्नाटकाने २०२५ मध्ये पडून राहिलेले परवाने लिलावात काढण्याची योजना पुढे आणली, तेव्हा परवान्याला बाजारभाव आहे हे एका राज्याने उघडपणे मान्य केलेच आहे. लिलावात परवाना घेणाऱ्या पेढ्यांमध्येही पुढे भागीदार बदलतील. त्यांच्यासाठी नियम लिहिताना हिस्सानिहाय आकारणीचे कलम पहिल्या मसुद्यातच घालणे नंतरच्या दुरुस्तीपेक्षा सोपे जाईल.